सखाहरी नानांची पायी फेरी

आमच्या धामणमाळचा माळ इतका मोकळा आहे, की डोक्यावरची टोपी उडाली तर जाताना लांबवर दिसत राहते, पण हाती काही लागत नाही. झाड म्हणाल तर एक बाभूळ, तीही वाऱ्याला कंटाळून एका अंगावर झुकलेली. अशा त्या माळावर, समोर जेमतेम चार माणसं उभी असताना, सखाहरी नाना दोन्ही हात पसरून ओरडतात, "मागं सरका, मागं सरका! आत लई जागा हाय!"

आणि माणसं सरकतात. मी स्वतः सरकले आहे. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई मी, क्षितिजापर्यंत दुसरं माणूस नसताना मुकाट्याने चार पावलं मागे जाऊन उभी राहिले. मग नानांनी समाधानाने मान हलवली आणि हातातली सायकलची घंटी दोनदा वाजवली. म्हणजे गाडी सुटली.

नाना एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली. "गाडी डेपोत गेली, पर ह्यो मानूस अजून उतरला न्हाई," असं त्यांची बायको, म्हणजे आमची नानी, सगळ्यांना सांगते.

ओवी आणि नील, मागच्या महिन्यात तुम्ही मला इंग्लंडातल्या त्या माळावरच्या गावाचे फोटो पाठवलेत. लेखकांचं जुनं घर, दगडी पाट्या, हातात नकाशा घेऊन चालणारी माणसं आणि नीलच्या बुटांवरचा चिखल. खाली ओवीने लिहिलं होतं, "आजी, तुझ्याकडे असं काही नसेल ना?" आहे. नकाशा नाही, पण नाना आहेत. तुमचे आजोबा आणि मी केडगावचं घर बंद करून इथे राहायला आलो, तेव्हापासून ते आमचे समोरचे शेजारी. आता सगळं क्रमाने सांगते.

साठेक वर्षांपूर्वी इथल्या शाळेत एक गुरुजी होते. बायको-मुलीला शहरात ठेवून ते तीन वर्षं या गावात एकटे राहिले आणि पुढे त्यांनी या माळावर एक कादंबरी लिहिली. ती गाजली. गावात तिचं नाव कोणी घेत नाही. 'पुस्तक' म्हटलं की तेच. आमच्या शेजारच्या मुलाला त्याच्या वडिलांनी विचारलं, "पुस्तक वाचलं का?" तर तो म्हणाला, "कोणतं, गावाचं का शाळेचं?"

पुस्तक वाचलेली माणसं अधूनमधून पुण्याहून, नगरहून येतात. त्यांच्यासाठी नानांची फेरी असते. दर रविवारी, सकाळी सात-दहाला, शाळेच्या फाटकापासून घाटाच्या तोंडापर्यंत. वाटेत आठ थांबे. प्रत्येक थांब्याला पिवळा रंग दिलेला एक धोंडा आणि त्यावर काळ्या अक्षरांत नाव. घंटी एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की चालायचं. माळावरच्या धनगराचं कुत्रंसुद्धा आता एका घंटीला थांबतं आणि पुढच्या दोन घंट्या ऐकेपर्यंत पाऊल उचलत नाही. धनगर त्यावरून नानांशी भांडलेला आहे.

कोणी आलं नाही तरी फेरी सुटते. एकदा भर थंडीत मी खिडकीतून पाहिलं, तर नाना एकटेच खाकी शर्ट घालून, घंटी वाजवत निघाले होते. परत आल्यावर मी म्हटलं, "नाना, कोणीच नव्हतं, तर घरी बसायचं."

"फेरी रद्द करायची न्हाई बाई. पुढच्या थांब्यावर कुनी उभं असलं म्हंजी?"

अंतर ते पानांत मोजतात. "घाट हितनं चाळीस पानं," म्हणतात. दमलेल्या माणसाला धीर देतात, "आता सातच पानं ऱ्हायली, आन् तीबी उताराची." पुस्तक त्यांना पानाच्या आकड्यासकट पाठ आहे.

पुस्तकात जे नाही, ते मात्र त्यांच्या हिशेबी माळावरही नाही. आमच्याकडे आता डोंगराच्या कडेने पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. चांगल्या उंच, पांढऱ्या. चौथ्या थांब्याजवळ त्या अगदी अंगावर येतात. तिथे नाना गंभीरपणे सांगतात, "उजव्या बाजूला बघू नका. त्या पुस्तकात न्हाईत." मग सगळी मंडळी माना डावीकडे वळवून दोनशे पावलं चालतात. नगरच्या एका प्राध्यापकांची मान त्यात धरली होती.

तिसऱ्या थांब्याची भानगड वेगळी. पुस्तकात एक दुष्ट पाटील आहे. त्याचा वाडा म्हणून नाना जे घर दाखवायचे, त्या घरातला नातू एके दिवशी काठी घेऊन उभा राहिला. "आमच्या आज्याची बदनामी बंद करा." नाना नियमाचे माणूस. त्यांनी तक्रार मान्य केली. तेव्हापासून ते त्या घरासमोर थांबून मोठ्याने सांगतात, "ह्या घरात पुस्तकातला दुष्ट पाटील राहत न्हव्हता." पूर्वी चारातले दोघे त्या घराकडे बघायचे. आता चौघेही बघतात आणि फोटोही काढतात.

उलट, नव्वदी ओलांडलेल्या गयाआजींची तक्रार अशी, की त्यांच्या घरातलं कोणीच पुस्तकात नाही. "आमी काय मेलो हुतो का त्या वक्ताला?" त्यांचं म्हणणं नानांना पटलं. त्यांनी आजींच्या दाराशी 'विनंती थांबा' दिला. विनंती केली तर गाडी थांबते. आजी दर रविवारी विनंती करतात, सगळ्यांना ताक देतात आणि त्या काळाबद्दल विचारलं तर "मला काय आठवत न्हाई" म्हणतात. त्यांना फक्त थांबा हवा होता.

आता आठवा थांबा. माळ तिथे संपतो, घाटाची वाट खाली उतरते आणि लांब खाली डांबरी रस्ता दिसतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्याबरोबर पुण्याचा एक तरुण होता. नाना नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हितनं चंद्रा खाली उतरली आन् एसटीत बसून गेली. पुस्तक संपलं." चंद्रा म्हणजे पुस्तकाची नायिका. घर सोडून एका सकाळी माळ ओलांडून जाते, ती.

तो तरुण म्हणाला, "काका, अशी कोणी खरंच होती का?"

"व्हय," नाना म्हणाले. "माझी आय." आणि घंटी दोनदा वाजवली. "चला, परतीची गाडी."

हे गावात सगळ्यांना माहीत आहे. नाना चार वर्षांचे असताना त्यांची आई हौसाबाई एका सकाळी घरातून गेली, ती परत आली नाही. का गेली याची गावात सात उत्तरं आहेत आणि सातही जण छातीवर हात ठेवून सांगतात. तिला शेवटचं पाहिलं ते गुरुजींनी, घाटाच्या तोंडाशी. नानांना चुलतीने वाढवलं. पुढे वडील वारले. नाना मोठे होऊन एसटीत लागले. नंतर त्यांना स्टँडवरच्या खिडकीत बसायची बढतीची जागा मिळत होती. ती त्यांनी नाकारली, आणि नानीला एवढंच कारण सांगितलं, "तिथून उतारूंची तोंडं दिसत न्हाईत." नोकरी संपेपर्यंत ते गाडीतच राहिले. घोडेगावच्या बाजाराला शेळ्या-बोकडांसकट चढणाऱ्या बायकांना तिकीट देताना आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग हाताकडे.

आता अडचण अशी, की पुस्तकातल्या चंद्राला मूलच नाही. हुशार वाचक हे नानांना लगेच ऐकवतात. नानांचं उत्तर तयार असतं. "मांडीवरच्या पोराला तिकीट नसतं ना? मंग नोंद कशी व्हनार? उतारू मोजताना एकच धरायचा."

हे सांगताना ते हसतात. पण एकदा माझ्या ओट्यावर चहा पिताना त्यांनी पुस्तक उघडून शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. तिथे गुरुजी चंद्राला विचारतात, 'परत केव्हा येणार?' आणि तिच्या उत्तराच्या जागी नुसती टिंबं आहेत.

"सात हायेत," नाना म्हणाले. "बाई, तुमी शिकलेल्या. टिंबं कवा देत्यात?"

"बोलणं गाळलं की," मी म्हटलं. "किंवा कोणी काही बोललंच नाही तरी देतात."

"न्हाई. सात टिंबं हायेत म्हंजी कायतरी बोलली. माझं काय बोलली का, तेवढंच पाह्यजे मला. बाकी पुस्तक ऱ्हाऊ द्या लोकांना."

गुरुजी वारले होते. त्यामुळे ती गोष्ट तिथेच राहिली. या फेब्रुवारीत मात्र शाळेत एक पत्र आलं. गुरुजींच्या मुलीचं, सुलभाताईंचं. त्यांना वडिलांचं गाव एकदा पाहायचं होतं. मुख्याध्यापकांनी ते पत्र नानांच्या हातात दिलं आणि आमच्या गल्लीतली शांतता गेली.

नानांनी आठही धोंडे पुन्हा रंगवले. सोबत स्वतःची चप्पल आणि नानीची एक कोंबडीही रंगली. खाकी शर्टाला नानीकडून दोनदा इस्त्री करून घेतली. "लग्नात एवढं नटलं न्हाईत कवा," नानी म्हणाली. मग नाना माझ्याकडे आले.

"बाई, प्रश्न लिहून द्या. गुरुजींनी पोरीला सांगितलं आसंल. तिला नीट इचाराय पाह्यजे."

मी व्यवस्थित मसुदा केला. 'आपल्या वडिलांनी कादंबरीच्या अखेरच्या प्रसंगामागील वस्तुस्थितीविषयी आपणांस कधी काही सांगितले होते काय?'

नानांनी ते दोनदा वाचलं. "ह्ये डेपोचं पत्रक झालं बाई. माझी आय हाय ती."

मग आम्ही काटत काटत चार शब्दांवर आलो. 'माझी आय काय बोलली?' ते चार शब्द म्हणत नाना आठवडाभर गल्लीतून येरझारा घालत होते. गवार आणायला पाठवलं तर वांगी घेऊन आले.

रविवारी सुलभाताई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, हातात काठी, गुडघे दुखरे, बोलणं मोजकं. त्या दिवशी नानांनी 'खास गाडी' जाहीर केली. त्या, नाना आणि मी. नानांनी 'मागं सरका' म्हटलं नाही. तिसऱ्या थांब्यावर दुष्ट पाटील राहत नसल्याचंही सांगितलं नाही. चौथ्या थांब्यावर ताईंनी काठीने उजवीकडे दाखवून विचारलं, "या चक्क्या तेव्हा होत्या का?" नाना म्हणाले, "न्हव्हत्या. पन बघा, बघायच्या तर." इतके ते घाबरले होते.

आठव्या थांब्यावर पोचायला आम्हाला दोन तास लागले. ताई धोंड्यावर टेकल्या. खाली रस्त्यावरून एक टेम्पो चालला होता. मी नानांकडे बघून खाकरले. नानांनी टोपी काढली, परत घातली, तोंड उघडलं.

पण ताईच आधी बोलल्या. "नाना, मी एक विचारायला आलेय. हसू नका. बाबा घरी कधी हसले नाहीत. सुट्टीत इथून यायचे, जेवायचे, लिहीत बसायचे. मला वाटायचं, माझंच काही चुकतं. हे पुस्तक मी इतकी वर्षं हातात घेतलं नाही. यंदा वाचलं, तर पानोपानी हसू येतं. मला कळेना, हा माणूस कोण?" त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "तुम्ही पाहिलंय त्यांना. इथे हसायचे का हो बाबा?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग घाटाकडे. मग म्हणाले, "हसायचे का? ताई, लई हसायचे! हसाय लागले का शाळेची कौलं हालायची. मला खांद्यावर घेऊन या माळानं पळायचे, आन् तुमचं नाव घ्यायचे. म्हनायचे, माझी सुलभा आसती तर ह्या दुसऱ्या खांद्यावर बसवली आसती."

शाळेवर तेव्हा कौलं नव्हती, गवत होतं. पान बावीस. आणि चार वर्षांच्या मुलाला एवढं बोलणं आठवणं शक्य नाही, हे मला समजत होतं. ताईंनाही बहुधा समजत असावं. पण त्या ऐकत राहिल्या. नाना आणखी सांगत गेले, त्यांनी "आणखी?" म्हटलं की आणखी. शेवटी त्यांनी नानांचा हात धरला आणि परत शाळेच्या फाटकाशी येईपर्यंत सोडला नाही. नानांना घंटी वाजवता येईना, म्हणून ती मी वाजवली.

ताईंची मोटार गेल्यावर मी चिडलेच. "नाना, चार शब्द! आठवडाभर घोकलेत. विचारले का नाहीत?"

"कसं इचारू? ती आदी चढली हुती बाई. पैला नंबर तिचा." मग म्हणाले, "आन् तिला काय ठावं असनार? बाप हसायचा का, ह्येच जिला ठावं न्हाई, तिला माझ्या आयचं कोन सांगनार?"

त्यांनी घंटी खिशात टाकली. थोडं चालल्यावर थांबले. "पन खोटं तिकीट फाडलं मी आज. एवढ्या वर्षांत पैलं."

दुसऱ्या दिवसापासून ते ती चूक निस्तरायला लागले. गुरुजींना पाहिलेली जितकी माणसं गावात उरली आहेत, तितक्यांच्या दारी जाऊन एकच प्रश्न. "गुरुजी हसायचे का?" एकाने सांगितलं, छडी मारायचे. दुसऱ्याने सांगितलं, बिडी ओढायचे. तिसऱ्याला तर गुरुजी आणि नंतर आलेले ग्रामसेवक वेगळे वाटेनात. गुरुवारी ते गयाआजींकडे गेले. नेहमी ताक घेऊन पुढे जायचे. त्या दिवशी पहिल्यांदा उंबऱ्यावर बसले.

अकराच्या सुमाराला ते माझ्या दारात आले. चप्पल न काढता आत आले, त्यावरूनच काहीतरी घडलंय हे मला कळलं.

"बाई, हसायचे," ते म्हणाले. "गुरुजी हसायचे. बुधवारी."

त्या काळी एकट्या मास्तरला गावाने वार लावून दिलेले असत. म्हणजे सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. हे मला ठाऊक होतं. गयाआजींचं घर नानांच्या घराला लागून होतं, आणि नानांच्या घरी बुधवार होता. आजी जे म्हणाल्या, ते नानांनी मला त्यांच्याच शब्दांत सांगितलं.

"तुजी आय डावरी. थापाय बसली का भाकर परातीत उलटी फिरायची. गुरुजी म्हनायचा, हौसाबाई, समद्या गावाची भाकर म्होरं जाती, तुमची मागारी येती. आन् ठसका लागस्तवर हसायचा. तीबी हसायची. तू मांडीवर आसायचा, तुझ्या तोंडावर पीठ उडायचं."

"आजी, तुमी तर आठवत न्हाई म्हनायच्या न्हवं?" असं नानांनी त्यांना विचारलं होतं. आजी म्हणाल्या, "तू कवा इचारलं? समदे पुस्तकातलंच इचारत्यात."

मी सुलभाताईंना फोन लावून दिला. नानांनी आधी कौलांचं आणि खांद्याचं खोटं कबूल केलं. मग बुधवारचं सांगितलं. मग ताई हळूच म्हणाल्या, "बुधवारी?" आणि मग, "भाकरीवरून?" आणि मग त्या हसल्या. मला फोनमधून ऐकू आलं.

फोन ठेवून नाना उठले आणि "चला बाई" म्हणून मला त्यांच्या घरी घेऊन गेले. नानी चुलीपुढे बाजरीचं पीठ मळून बसली होती. तवा तापला होता.

"डाव्या हातानं थाप," नाना म्हणाले.

"याड लागलं का? फेरीचा रविवार हाय का आज?"

"थाप तर. आय डावरी हुती माझी." नाना परातीसमोर खाली बसले. "पुस्तकात न्हाई ह्ये."

नानीने परात पुढे ओढली. तिने हात बदलला. पहिली भाकरी दुसऱ्याच थापेला चिरली. दुसरी परातीला चिकटली. तिने पीठ पुन्हा गोळा केलं, पाणी लावलं आणि सावकाश थापायला घेतलं. तिसरी भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ झाली, पण फिरली. उलटी. नाना गुडघ्यांवर हात ठेवून, परातीत वाकून बघत होते. तव्यातून धूर यायला लागला, तरी भाकरी तव्यावर टाकायचं कोणी नाव काढेना.